कादिझ: जाहिरात उन्हाची, राज्य वाऱ्याचं

मंडळी, स्पेनच्या किनाऱ्याचं नाव काढलं की प्रवास कंपन्या आधी ऊन विकायला बसतात. ऊन आपल्या घरचंच आहे, त्यासाठी एवढे पैसे मोडून जायचं कारण नाही. दक्षिण टोकाला असलेल्या कादिझ प्रांतात खरी सत्ता वाऱ्याची आहे. पूर्वेकडून येतो तो लेवान्ते, अटलांटिकवरून येतो तो पोनिएन्ते. मतलई वारे आणि खारे वारे आपण शाळेत पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. तिथे माणसं घराबाहेर पडण्याआधी विचारतात, आज कुठला?

प्रांताच्या टोकाच्या तारिफा गावात हे अंगावर कळतं. समोर आफ्रिका, अंतर जेमतेम १४ किलोमीटर. या चिंचोळ्या वाटेत लेवान्ते घुसला की वेडापिसा होतो. मी पहिल्याच दिवशी टोपी घालवली. ऑगस्ट-सप्टेंबरात हजारो करकोचे आणि घारी आफ्रिकेकडे निघतात, पण लेवान्ते जोरात असेल तर त्याही अलीकडेच थांबतात. जिब्राल्टरची ही सामुद्रधुनी म्हणजे बस स्टॉप आहे असं समजा, फक्त बस कधी सुटणार ते वारा ठरवतो.

थोडं पुढे बोलोनियाला ३० मीटरहून उंच वाळूची टेकडी आहे, तीही वाऱ्यानेच रचलेली. तिच्या पायथ्याजवळ बाएलो क्लाउदिया हे रोमन शहर. देवळं, नाट्यगृह सगळं आहे, पण मी रेंगाळलो ते समुद्रालगतच्या दगडी हौदांपाशी. त्यात मासळी खारवायची, आणि माशांची आतडी मिठात घालून उन्हात आंबवून 'गारूम' नावाचं झणझणीत पाणी काढायचं. रोमन श्रीमंत ते जेवणात ओतून घेत. वासाची कल्पना तुम्हा कोकणातल्या मंडळींना वेगळी द्यायला नको.

हौदांत पडायचा तो मुख्यतः ट्यूना, आपल्या कुप्याचा थोरला भाऊ. वसंतात तो अंडी घालायला अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात शिरतो, आणि वाटेत बार्बाते, साआरा, कोनिल, तारिफा इथे त्याच्यासाठी जाळ्यांचा चक्रव्यूह रोवलेला असतो. याला म्हणतात आल्मादराबा. शब्द अरबी, पद्धत त्याहून जुनी, फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी लोकांपर्यंत मागे जाते. आपले कोळी डोल जाळी लावतात तशीच ही जाळी एका जागी बांधलेली, पण त्यांत खोल्यांमागून खोल्या असतात. शेवटच्या खोलीतलं जाळं चहूबाजूंच्या होड्यांतून हातांनी वर ओढतात, आणि दोन-दोनशे किलोचे मासे पाण्याचा फेस करतात. मला ते पाहवलं नाही, पण नजरही हटली नाही.

मासा फोडण्याला 'रोंकेओ' म्हणतात, म्हणजे घोरणं. सुरी मणक्यावरून सरकताना घोरल्यासारखा आवाज येतो म्हणून. पोटाचा, पाठीचा, मानेजवळचा, प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव आणि वेगळा भाव. पाठीचा भाग मिठात घालून वाऱ्यावर वाळवला की त्याची मोहामा होते. पातळ काप, वर ऑलिव्ह तेल, बस्स.

डोंगराबद्दल दोनच वाक्यं. पोनिएन्तेने आणलेली वाफ ग्राझालेमाच्या डोंगरावर आपटते आणि वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वराच्या मानाने निम्माही नाही, पण कोरड्या आन्दालुसियात, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण भागात, तेवढ्यावर पिन्सापो नावाच्या देवदारासारख्या झाडांचं हिमयुगाच्या काळातलं जंगल टिकून आहे. मे महिन्यात जा, चालायला बरं.

आता खाणं. कादिझ शहराभोवती मिठागरं आहेत, आणि तिथल्या खाड्यांतला बारीक जवळा सालीसकट पिठात कालवून तळतात. पीठ कशाचं? गव्हाचं आणि हरभऱ्याचं! म्हणजे आपलं बेसनच. कांदा, कोथिंबिरीच्या जागी पार्सली, आणि जाळीदार, कडकडीत घावन तयार. तळणाऱ्या बाईंना मी सांगितलं, आमच्याकडेही जवळ्याची भजी करतात, आमच्याकडेही मिठागरं आहेत. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे वारा कुठला?

म्हटलं, आता पंधरा दिवसांत नैऋत्येचा सुरू होईल.

"म्हणजे पोनिएन्तेच की," बाई म्हणाल्या, आणि पुढचं घावन तेलात सोडलं.