बावीस वाल

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मुलांच्या छातीतल्या धडधडीविषयी. खेळून आल्यावरच्या नव्हे. मूल शांत बसलेलं असताना एकाएकी सुरू होते आणि एकाएकी थांबते, ती.

कसब्यातली एक सात वर्षांची मुलगी. म्हणायची, "आजी, छातीत ताशा वाजतोय." पेठेत ताशांना तोटा नाही, हल्ली सराव आषाढातच सुरू होतो, पण तो राग पुन्हा कधीतरी काढीन. घरच्यांना वाटलं, शाळा बुडवायचं निमित्त. माझ्याकडे आणेपर्यंत ताशा थांबलेला. इकोत हृदयाची उजवी झडप जागेवरून खाली सरकलेली दिसली, धडधड मात्र सापडेना. मी आजींना म्हटलं, झटका चालू असताना ठोके मोजा. नंतर नाही, चालू असताना.

पुढच्या आठवड्यात आजींनी टेबलावर एक वाटी ठेवली. त्यात कडवे वाल. "मला शंभरापुढं मोजता मोजता चुकतं. म्हणून छातीला कान लावला, दर दहा ठोक्यांना एक वाल टाकला. घड्याळाकडे नातू बघत होता." मी मोजले. बावीस! मिनिटाला २२० ठोके. या वयात शंभराच्या आसपास हवेत. भरती केल्यावर ईसीजीतही तेवढेच आले. मनगटावरची महागडी घड्याळं आजींपुढं पाणी भरतील.

हृदयात वरून खाली वीज जायला एकच वाट असते. काहींना जन्मतः जादा तंतू असतो. मग वीज एका वाटेनं खाली, दुसरीनं वर, अशी गरगरत राहते. औषधांनी बहुतेकांचं भागतं. नाही भागलं तर मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून तो तंतू जाळतात. छाती उघडून तो कापायची सुरुवात १९६८ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. विल सीली यांनी केली. रोगी होता एक मच्छीमार. आता ती वेळ क्वचित येते: नळीनं जमलं नाही, किंवा हृदयाचं ऑपरेशन तसंही करायचंच आहे तेव्हा.

आमच्या मुलीला दोन औषधं देऊन झाली, ताशा थांबेना. झडप दुरुस्त करायचीच होती, तेव्हा सर्जननी त्याच वेळी तंतूही कापला.

तीन महिन्यांनी आजी आल्या. वाटीत नऊ वाल. शिवाय एक डबा. "उरलेले भिजवून, मोड आणून सोलले," म्हणाल्या. डाळिंब्यांची उसळ होती, वर ओलं खोबरं.