तळाचं पाणी

(आकाशातून : नदीचं मुख)

ही मिसिसिपी, मेक्सिकोच्या आखातात उतरताना. डावीकडे गढूळ, उजवीकडे हिरवंगार, मधे फेसाची वाकडी रेघ. नदीचं पाणी गोडं, म्हणून हलकं. ते खाऱ्या पाण्यात लगेच मिसळत नाही, दुधावर साय धरावी तसं वर पसरतं. ही साय लक्षात ठेवा.

(मक्याची शेतं, निचऱ्याचे पाइप)

अमेरिकेतल्या ३१ राज्यांचं पाणी या नदीला मिळतं. मक्याला घातलेलं सगळं नत्र मका घेत नाही. उरलेलं पावसाबरोबर जमिनीत मुरतं, शेताखाली पुरलेल्या या पाइपांतून ओढ्यात येतं, पुढे नदीत. त्यात मैलापाण्याचीही भर पडते, पण मोठा वाटा शेतांचाच. आणि खत ते खतच. समुद्रातही ते आपलं काम चोख करतं. सूक्ष्म शैवाल माजतं, मरतं, तळाशी जाऊन कुजतं. कुजवणारे जीवाणू तिथला ऑक्सिजन संपवतात. वरून नवा येईल म्हणावं, तर मधे साय.

(बोटीवर : दोन बाटल्या)

एका बाटलीत वरचं पाणी, दुसरीत तळाजवळचं. बूच लावताना बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर हवेतला ऑक्सिजन मोजला जाईल. आधी मँगनीजचं द्रावण, मग आयोडाइड मिसळलेला अल्कली. बाटली उलटीसुलटी करायची आणि थांबायचं.

...

पहिलीत तपकिरी साका बसला. दुसरीत बघा : पांढरट, दुधाळ. म्हणजे ऑक्सिजन नसल्यातच जमा. रसायनशास्त्रज्ञ विंकलरची ही रीत १८८८ सालची. आता सेन्सर आहेत, पण त्यांचा आकडा पडताळायला आजही हीच बाटली काढतात.

लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा कमी ऑक्सिजन उरला की त्या पट्ट्याला मृत क्षेत्र म्हणतात. १९८५पासून इथं मोजणी होते. २०१७च्या उन्हाळ्यात हा पट्टा २२,७२० चौरस किलोमीटर भरला, तोवरचा सर्वांत मोठा. मासे पोहून निसटतात, तळाला चिकटलेले जीव मरतात.

(काळा समुद्र : जुनी छायाचित्रं)

काळ्या समुद्राच्या वायव्य कोपऱ्यातही हेच झालं होतं. सोव्हिएत संघ कोसळला, खतं परवडेनाशी झाली आणि नव्वदच्या दशकात तिथलं तळाचं पाणी सावरू लागलं. कुणी ठरवून केलं नव्हतं.

(पुन्हा नदीचं मुख)

इथं मात्र ठरलंय : मृत क्षेत्र २०३५पर्यंत ५,००० चौरस किलोमीटरच्या आत आणायचं. शेतात खत किती घालायचं, ते अजून बहुतांशी शेतकऱ्याच्या मर्जीवर.