एकखोली शाळांच्या शोधात

मित्रहो, अमेरिकेच्या ग्रामीण भागात आडरस्त्यांनी गाडी हाकत जुन्या एकखोली शाळा शोधायच्या आणि त्यांची छायाचित्रे काढायची, हा तिकडे पुष्कळांचा छंद आहे आणि बरीच वर्षे तो माझाही आहे. या विषयावर बोलायचे म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे पडकी भिंत, फुटकी काच आणि मावळतीचा प्रकाश येतो. तशी छायाचित्रे उदंड निघतात आणि ती एकमेकांसारखीच दिसतात. माझे म्हणणे असे आहे की ही शाळा मुळात एका अंतराच्या हिशेबाने उभी राहिलेली असते; तो हिशेब ज्या चित्रात दिसत नाही, ते चित्र कोणत्याही बेवारस खोपटाचे असू शकते.

हा हिशेब जमिनीच्या मोजणीतून आला. १७८५च्या भूमी अध्यादेशाने पश्चिमेकडील सरकारी जमिनीची मोजणी चौकोनांत करण्याचे ठरवले. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे ३६ भाग, आणि प्रत्येक भाग एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. या भागांना सेक्शन म्हणतात आणि त्यांतला सोळावा सेक्शन सार्वजनिक शाळांसाठी राखून ठेवलेला असे. शाळा सोळाव्या सेक्शनमध्येच सापडेल अशी नवशिक्यांची समजूत असते, पण ते खरे नाही. ती जमीन बहुतेक ठिकाणी विकली गेली किंवा खंडाने दिली गेली आणि तिचे उत्पन्न शाळांना मिळाले. प्रत्यक्ष इमारत मात्र कुणा शेतकऱ्याने दिलेल्या एखाद्या एकराच्या तुकड्यावर, सहसा रस्त्यांच्या चौफुलीजवळ, उभी राहिली, कारण चहूकडच्या घरांतील लहान मुलांना दोनेक मैलांत तिथवर पायी पोचता आले पाहिजे. १९१०च्या दशकात अशा एकशिक्षकी शाळा देशभर दोन लाखांच्या आसपास होत्या, यावरून त्या किती दाट पसरलेल्या होत्या हे ध्यानात येईल.

म्हणून शोधाची सुरुवात गाडीत न होता टेबलावर होते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे जुने स्थलदर्शक नकाशे आता घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. त्यांत शाळेची खूण म्हणजे एक लहानसा काळा चौकोन आणि त्यावर निशाण. काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) छापलेल्या जमीनमालकांच्या जुन्या नकाशांत शेतांवर मालकांची नावे असतात आणि शाळेच्या जागी तिचा क्रमांक असतो. हे दोन्ही नकाशे आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवले की चौफुलीजवळ झाडांचा एखादा चौकोनी पुंजका दिसतो. पिकाच्या सपाट पट्ट्यात अशी झाडे सहसा आपोआप उगवत नाहीत; ती मैदानाच्या कडेने कुणीतरी लावलेली असतात. रस्त्याच्या नावातच ‘स्कूल’ असेल, तर काम आणखी सोपे.

एवढे करूनही जागेवर इमारत नसते, असे बरेचदा घडते. जमीन देताना अनेक शेतकऱ्यांनी दस्तात अट घातली होती की शाळा बंद पडल्यास जागा मूळ शेताकडे परत जावी. त्यामुळे बंद पडलेली शाळा शेतकऱ्याच्या हाती आली आणि कुठे ती धान्याचे कोठार झाली, कुठे ट्रॅक्टरची शेड. पुष्कळशा शाळा चाकांवर चढवून मैल दोन मैल दूर नेल्या गेल्या. टाउनशिपच्या सभागृहात किंवा राहत्या घरात तिचे रूपांतर झाले असेल तर ओळखण्याच्या खुणा वेगळ्या: दर्शनी त्रिकोणी भिंतीत शेजारी शेजारी दोन दारे (एक मुलांचे, एक मुलींचे), लांबीच्या भिंतींवर समोरासमोर उंच खिडक्या, आणि छपराच्या कण्यावर घंटेची छोटी छत्री किंवा ती काढल्यावर मारलेले ठिगळ.

खिडक्यांपाशी जरा थांबले पाहिजे. जुन्या शाळांत दोन्ही बाजूंनी उजेड येई. विसाव्या शतकाच्या आरंभी आरोग्याचा विचार करणाऱ्यांनी असा आग्रह धरला की उजेड फक्त विद्यार्थ्याच्या डाव्या बाजूने यावा, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. मग नव्या शाळांत एका भिंतीत खिडक्यांची सलग रांग आली, आणि जुन्या शाळांत एका बाजूच्या खिडक्या फळ्यांनी बुजवून दुसऱ्या बाजूला नव्या पाडल्या गेल्या. अशा भिंतीवर तिरके ऊन पडले असताना जवळ जाऊन पाहा: आडव्या फळ्यांच्या रांगेत मधेच उभा सांधा दिसतो, त्याच्या एका अंगाला फळ्या किंचित अरुंद असतात आणि रंगाचा थर पातळ असतो. तिथे पूर्वी खिडकी होती. दर्शनी बाजूचा फोटो घेऊन गाडीत बसणाऱ्याला ही भिंत कधीच दिसत नाही.

छायाचित्रणाच्या तंत्राविषयी थोडक्यात सांगतो. पांढऱ्या रंगाची भिंत उन्हात असली की कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि भिंत करडी येते, म्हणून एक्स्पोजर सुमारे एका स्टॉपने (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवावे. जवळ उभे राहून कॅमेरा वर उचलला की भिंती आत झुकलेल्या दिसतात, तेव्हा मागे सरून लांब पल्ल्याची लेन्स वापरणे चांगले. १९३३ साली सुरू झालेल्या ऐतिहासिक इमारतींच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाची छायाचित्रे अभ्यासण्याजोगी आहेत: मोठ्या आकाराच्या फिल्मवर, रेषा सरळ, चारही बाजू टिपलेल्या, नाट्य शून्य. मी त्यांत एकाची भर घालतो, ती म्हणजे रस्त्यावरून घेतलेल्या दूरच्या चित्राची, ज्यात चौफुली आणि शेजारची शेतघरे दोन्ही येतात. हे चित्र पानगळीनंतर आणि मका कापल्यावरच मिळते. जुलैत मका माणसापेक्षा उंच असतो आणि शाळा दिसतच नाही. आणखी एक सावधगिरी: मिसूरी आणि टेक्सससारख्या राज्यांत कुंपणाच्या खांबावर किंवा झाडावर जांभळ्या रंगाचा पट्टा असेल तर त्याचा अर्थ ‘आत येऊ नये’ असा कायद्यानेच होतो. मालकाला विचारावे, बहुतेक जण परवानगी देतात, आणि वर आजी तिथे शिकल्याची हकिकतही सांगतात.

सुस्थितीतल्या शाळाही पाहाव्यात, म्हणजे पडक्या शाळेत काय नाहीसे झाले आहे ते कळते. कॅन्ससच्या चेस काउंटीत टेकडीवरची लोअर फॉक्स क्रीक शाळा १८८२ साली चुनखडीच्या दगडात बांधली गेली आणि १९३०पर्यंत चालली. नेब्रास्कात बीॲट्रिसजवळची विटांची फ्रीमन शाळा १८७२ ते १९६७ इतकी दीर्घकाळ वापरात होती. टेक्ससमधल्या जंक्शन शाळेसमोर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ११ एप्रिल १९६५ रोजी प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा कायदा सही करून मंजूर केला, तेव्हा लहानपणी त्यांना त्याच शाळेत शिकवणाऱ्या बाई शेजारी बसल्या होत्या. या शाळा बंद पडल्या त्या मुख्यतः पक्का रस्ता आणि बस यांच्यामुळे. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात फ्रँक सायर यांनी भरवलेल्या परिषदेत स्कूलबसचा पिवळा रंग ठरला, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत पायी अंतराचा जुना हिशेब जवळजवळ सर्वत्र निकालात निघाला.

दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र वेगळीच शोधाशोध करावी लागते. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय मुलांसाठी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या पुढाकाराने आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीतून १९३२पर्यंत १५ राज्यांत जवळजवळ पाच हजार शाळा बांधल्या गेल्या. गावकऱ्यांनी स्वतःचा पैसा, लाकूड आणि श्रमही त्यांत घातले. त्यांतल्या थोड्याच आज उभ्या आहेत आणि २००२ साली राष्ट्रीय वारसा न्यासाने त्यांना धोक्यातील वास्तूंच्या यादीत घातले. त्या शोधताना नकाशापेक्षा शेजारचे चर्च अधिक उपयोगी पडते, कारण शाळा बहुधा त्याच्याच आवारालगत असते आणि तिथल्या वडीलधाऱ्यांना ती ठाऊक असते. या शाळांचे छापील नमुना-आराखडे होते आणि त्यांत एकच शाळा दोन प्रकारे आखलेली असे: एक आराखडा दर्शनी बाजू उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेल्या जागेसाठी, दुसरा पूर्वेला किंवा पश्चिमेला असलेल्या जागेसाठी, म्हणजे रस्ता कोणत्याही बाजूला असो, वर्गाच्या खिडक्यांची रांग पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडेच यावी. वीज नसलेल्या वर्गात सकाळचा किंवा दुपारनंतरचा उजेड पुरेपूर मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. छायाचित्रकाराने म्हणूनच होकायंत्र काढून खिडक्यांची भिंत कोणत्या दिशेला आहे हे आधी पाहावे, ती पूर्वेला असेल तर सकाळी लवकर आणि पश्चिमेला असेल तर तिसऱ्या प्रहरी यावे, आणि दाराकडची बाजू नंतर टिपावी.