पडलेल्या उमेदवाराची निवडणूक

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका आवाजापासून सुरुवात करतो. तो मला इथे ऐकवता येणार नाही, पण सायकलची घंटी एकदाच वाजावी तसा तो असतो. टिण्‌. पश्चिम आफ्रिकेत गांबिया नावाचा एक चिमुकला देश आहे. तिथे मतदानाच्या दिवशी हा आवाज झाला की बाहेर बसलेल्यांना कळतं, आत एक मत पडलं.

तिथे आडोशाला रंगवलेली पत्र्याची पिंपं ठेवतात. प्रत्येक उमेदवाराचा रंग वेगळा, पिंपावर त्याचा फोटो. मतदाराच्या हातात काचेची एक गोटी देतात. त्याने आत जाऊन हव्या त्या पिंपाच्या नळीत ती सोडायची. गोटी आतल्या घंटेवर आदळते आणि खाली पडते. तळाला वाळू किंवा भुसा असतो, म्हणून पडताना पुन्हा आवाज होत नाही. म्हणजे एका माणसामागे टिण्‌ एकदाच. दोनदा झालं तर कुणीतरी खिशातून गोटी आणली असं समजायचं! मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकलींना मनाई असते. का, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मोजणीही तशीच. फळीला दोनशे किंवा पाचशे भोकं पाडलेली असतात. गोट्या ओतायच्या, भोकं भरली की तेवढी मतं झाली. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही शेजारी उभं राहून हिशेब तपासता येतो, आणि मुळात ही पद्धत आणली तीही त्याच्यासाठीच.

मला या गोटीचं फार कौतुक आहे. त्या घंटेकडे कान लावून कोण बसतं बघा. ज्याला आपण पडणार अशी धास्ती आहे, त्याचा माणूस. निवडून येणाऱ्याला पुरावा नकोच असतो, आपण जिंकणार हे त्याला अर्ज भरला तेव्हापासूनच ठाऊक असतं. पटवायचं असतं पडलेल्याला. निवडणुकीतली सगळी किचकट, कंटाळवाणी कलमं माझ्या मते त्या एका माणसासाठी लिहिलेली आहेत. निकाल ऐकल्यावर त्याने चडफडत का होईना, घरी जावं.

आपल्याकडे घंटेऐवजी यंत्राचा बीप आहे. मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतं टाकून यंत्राची चाचणी घेतात, ती मतं पुसतात आणि मग यंत्र सील करतात. त्या सीलवर प्रतिनिधींनाही सही करता येते. संध्याकाळी यंत्रात एकूण किती मतं नोंदली गेली, तो आकडा ‘सतरा-सी’ नावाच्या नमुन्यात भरून त्याची प्रत प्रतिनिधींना देतात. मोजणीच्या दिवशी तो कागद घेऊन यायचं आणि आकडा ताडून बघायचा. प्रचारसभेतल्या दहा भाषणांपेक्षा हा एक कागद मला मोलाचा वाटतो, पण त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. १९७७ साली इंदिरा गांधी पंतप्रधान असताना रायबरेलीत पडल्या. मतं मोजणारे आणि निकाल जाहीर करणारे त्याच राजवटीतले सरकारी कर्मचारी होते. तरीही निकाल लागला, आणि त्यांनी राजीनामा दिला.

पण हिशेब असा उघडा ठेवायचा, तर मत मात्र पुरतं झाकायचं. हे जगाला फार उशिरा सुचलं. इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मतदार चौथऱ्यापाशी जाऊन सर्वांसमोर मोठ्याने सांगायचा, मी अमक्याला मत देतो. कुणी कुणाला मत दिलं याच्या वह्या छापून विकल्या जायच्या. जमीनदाराने ती वही चाळली की कुठल्या कुळाला हुसकायचं ते ठरलं. अमेरिकेत पक्षच आपापल्या मतपत्रिका छापत, पुष्कळदा रंगीत कागदावर, म्हणजे मतपेटीपर्यंत चालत जाणाऱ्याच्या हातातला रंग सगळ्या गावाने बघावा.

यावरचा तोडगा ऑस्ट्रेलियात निघाला. तिथल्या वसाहतींत १८५६ साली सरकारने छापलेली, सगळ्यांना एकसारखी मतपत्रिका आणि ती भरायला आडोसा आला. इंग्लंडने तो कायदा १८७२ मध्ये केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाँटफ्रॅक्ट गावी पोटनिवडणूक झाली. पेटीला लाख लावली, पण शिक्का कुठला मारायचा? गावात ज्येष्ठमधाच्या वड्या बनत, त्या कारखान्याचा शिक्का आणून मारला! ती पेटी तिथल्या संग्रहालयात अजून आहे.

आडोसा आला आणि मत विकत घेणाऱ्याची पंचाईत झाली. पैसे मोजले, पण माल मिळाला की नाही हे कळायला मार्गच उरला नाही. मतदान करताना मोबाइलवर फोटो काढायला मनाई असते, तिच्यावर लोक चिडतात. पण तो फोटो म्हणजे विकणाऱ्याने घेणाऱ्याला दाखवायची पावती झाली असती.

आता मतं मोजून झाली. जिंकलं कोण? हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. ज्याला सर्वांत जास्त मतं, तो विजयी, हा एक नियम. निम्म्याहून अधिक मतं मिळेपर्यंत फेऱ्या घ्यायच्या, हा दुसरा. पक्षाला जितके टक्के मतं, साधारण तितक्या टक्के जागा, हा तिसरा. मतं तीच राहिली तरी नियम बदलला की गुलाल दुसऱ्याच्या अंगावर पडू शकतो. फ्रान्समध्ये २००२ साली अध्यक्षपदासाठी सोळा उमेदवार होते. पहिल्या फेरीत तेव्हाचे अध्यक्ष शिराक यांना वीस टक्क्यांहूनही किंचित कमी मतं मिळाली, तरी ते पहिले. डावी मतं इतकी फाटली की पंतप्रधान जोस्पँ तिसरे येऊन बाहेर फेकले गेले आणि समोर उरले अतिउजवे ल पेन. दुसऱ्या फेरीत त्याच शिराक यांना ब्याऐंशी टक्के! दोन आठवड्यांत देशाचं मन एवढं पालटलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत प्रश्नच वेगळा विचारला गेला होता.

म्हणून नियम आधी ठरलेला असावा लागतो. निर्दोष नियम अजून कुणाला सापडलेला नाही, आणि मतं बघून नियम निवडायची सोय ठेवली तर कुणीच कधी पडणार नाही. ब्रिटनमध्ये १९५१ च्या ऑक्टोबरात मजूर पक्षाला जवळपास एक कोटी एकोणचाळीस लाख मतं पडली, हुजूर आणि त्यांच्या मित्रांना एक कोटी सदतीस लाख. जागा मात्र हुजुरांना ३२१ आणि मजुरांना २९५. मतं जास्त असून पंतप्रधान ॲटली हरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि चर्चिल आले. आमची मतं जास्त, आम्ही खुर्ची सोडणार नाही, असं म्हणायचा मोह किती मोठा असेल!

तो मोह न आवरलेलेही आहेत. त्यासाठी पुन्हा गोट्यांच्या देशात जावं लागेल. याह्या जामे यांनी १९९४ मध्ये लष्करी उठाव करून गांबियाची सत्ता घेतली होती. नंतरच्या चार निवडणुकांत तेच निवडून आले. १ डिसेंबर २०१६ ला मात्र ते अदामा बॅरो यांच्याकडून हरले, आणि जगाला आश्चर्य वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. त्यांनी टीव्हीवर पराभव मान्य केला, बॅरो यांना फोन लावून अभिनंदनही केलं. मग निवडणूक आयोगाला बेरजेत चूक सापडली. आघाडी कमी झाली, विजेता तोच राहिला. पण जामे यांना तेवढं निमित्त पुरलं. आठवड्याभरात त्यांनी शब्द फिरवला. बॅरो यांना परदेशात, सेनेगलमधल्या आपल्या वकिलातीत शपथ घ्यावी लागली. शेजारी देशांच्या फौजा सरहद्द ओलांडून आल्या, तेव्हा कुठे जानेवारीत जामे देश सोडून गेले.

पाच वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, गांबियात पुन्हा पिंपं रंगवली गेली. बॅरो जिंकले आणि विरोधकांनी निकाल नाकारला. या वेळी पडलेला पक्ष अर्ज घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. अर्ज फेटाळला गेला, आणि बॅरो यांनी दुसऱ्या कारकिर्दीची शपथ आपल्याच देशात घेतली.

नमस्कार.