टाका आधी की रंग?

रसिक श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेत आजच्या विषयाचे नाव ‘कापडावरील चित्रकला’ असे छापले आहे. ते चूक नाही, पण अपुरे आहे. कॅनव्हास हेही शेवटी कापडच. मात्र चित्रकार त्याला ताणून, त्यावर अस्तराचा रंग चढवून, त्याचे कापडपण जवळजवळ पुसून टाकतो. परदेशात जिला आर्ट क्विल्ट म्हणतात आणि मी चित्रगोधडी म्हणते, तिच्यात हे कापडपण पुसता येत नाही, कारण वरचे कापड, मधली भरण आणि खालचे अस्तर या तिन्हींतून दोरा आरपार जातो आणि प्रत्येक टाक्यापाशी कापड थोडे आत ओढले जाते. दोन टाक्यांच्या मध्ये कापड फुगते, खळग्यात सावली पडते. बाजूने उजेड आला की एकाच पांढऱ्या मांजरपाटावर तीन-चार छटा दिसतात, आणि त्याही रंगाचा एक थेंब न सांडता. चित्रगोधडीत रंग भरायला बसताना ही आयती मिळालेली सावली हाताशी धरायची की तिच्या विरोधात जायचे, हे आधी ठरवावे लागते.

आपल्याकडच्या गोधडीला वेगळी भरण सहसा नसते. जुन्या लुगड्यांचे थर हीच तिची भरण. अंगणात थर पसरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायचे आणि कडेपासून सुरुवात करून धावदोरा चौकोनात फिरवत मध्याकडे न्यायचा, ही रीत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. कडेने आत शिवत जाण्यातला हिशेब मला फार उशिरा कळला. थरांची सैल जागा पुढे सरकत सरकत मध्यात गोळा होते, म्हणून शिवणारी बाई दर फेऱ्यानंतर तळहाताने कापड दाबून पाहते. यंत्रावर दाट टाके घालताना आम्हीही तेच करतो, फक्त मध्यापासून बाहेर. तरीही तुकडा आखडतोच: ३६ इंचांचे कापड माझ्या हातून दीड-दोन इंचांनी कमी होते, म्हणून चित्र काढतानाच चारी बाजूंना तेवढे कापड मोकळे सोडावे.

रंग आणि गोधडी एकत्र आणणाऱ्यांमध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढलेल्या फेथ रिंगगोल्ड (१९३०–२०२४) यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्या मुळात तैलचित्रे काढत. १९७२ साली ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्यांनी तिबेटी थांगके, म्हणजे कापडावर रंगवलेली बौद्ध धर्मचित्रे, पाहिली आणि लाकडी चौकटीऐवजी कापडी किनार लावलेली, गुंडाळून नेता येणारी चित्रे करायला सुरुवात केली. १९८० साली आई विली पोझी यांच्यासोबत त्यांनी ‘एकोज ऑफ हार्लेम’ ही पहिली गोधडी केली. आई व्यवसायाने कपड्यांची रचनाकार होती. त्यामुळे शिवणीचे ज्ञान घरातच होते आणि रंगवलेले चेहरे व शिवलेले तुकडे शेजारीशेजारी आले. १९८८ च्या ‘टार बीच’मध्ये कॅनव्हासवर ॲक्रिलिकने रंगवलेली हार्लेममधली गच्ची आहे, वर-खाली पट्ट्यांवर लिहिलेली गोष्ट आहे आणि भोवती तुकड्या-तुकड्यांची कापडी किनार आहे. ती आज गुगेनहाइम संग्रहालयात आहे. याच सुमारास, १९७९ पासून, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील अथेन्स गावी ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन भरू लागले. जागा होती गाईंचा जुना गोठा. पलंगावर पसरायची वस्तू भिंतीवर टांगण्यासाठी गोठ्यात जावी, याची मला गंमत वाटते.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येते. आधी रंगवून मग शिवावे, असे बहुतेकांना स्वाभाविक वाटते, आणि पातळ रंग वापरला तर ते सोयीचेही असते. त्यासाठी कापडाची खळ गरम पाण्याने धुऊन काढावी, नाहीतर रंग धाग्यात न मुरता वरवर राहतो. ॲक्रिलिक वापरायचा असेल तर कापडासाठी मिळणारे माध्यम, म्हणजे रंग लवचीक ठेवणारा द्रव, त्यात मिसळावे, एक दिवस वाळू द्यावा आणि उलट बाजूने इस्त्री फिरवून पक्का करावा. गडबड होते ती जाड रंगाने. पावसाळी आभाळाचा एक तुकडा मी चाकूने रंग थापून केला होता. तो शिवताना एक ओळ चुकली, मी ती उसवली. साध्या सुती कापडात उसवलेल्या टाक्यांवर पाण्याचा हबका मारून नख फिरवले की धागे परत जवळ येतात. इथे तसे झाले नाही. रंगाचा वाळलेला पापुद्रा म्हणजे प्लास्टिकच; त्यात सुईने पाडलेले भोक कायमचे. आभाळाच्या मधोमध मुंग्यांच्या रांगेसारखी भोके उरली. शेवटी प्रत्येक भोकावर राखी रेशमाचा एकेक गाठीचा टाका घातला. पाहणाऱ्यांना तो पाऊस आवडतो. मला अजून भोकेच दिसतात.

तेव्हापासून मी पुष्कळदा उलट क्रमाने काम करते. पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने आधी सगळे शिवून घ्यायचे. यंत्राचे कापड पुढे सरकवणारे दाते खाली घेतले की कापड हाताने हवे तसे फिरवता येते आणि सुई पेन्सिलीसारखी चालते. मग स्पंजाच्या रुळावर अगदी थोडा, जवळजवळ कोरडा रंग घेऊन तो हलक्या हाताने वरून फिरवायचा. रंग फक्त फुगलेल्या भागांना लागतो, टाक्यांचे खळगे पांढरे राहतात, आणि नांगरटीनंतरचे शेत दिसावे तशी रेघांची जमीन समोर येते. रुळावर रंग जरा जास्त झाला की खळगे भरतात आणि सगळे सपाट होते, त्यामुळे आधी वर्तमानपत्रावर दोनदा रूळ फिरवून घ्यावा.

कशिद्याबद्दल माझे मत थोडे कडक आहे. रंगवलेल्या फुलाच्या कडेने साखळी टाका घालणे म्हणजे तीच गोष्ट दोनदा सांगणे. जिथे रंगाला पोत नाही तिथे दोरा यावा: झाडाच्या खोडावरची खरबरीत साल, जुन्या भिंतीचा उडालेला गिलावा, म्हातारीच्या हातावरच्या शिरा. बंगालच्या कांथामध्ये, म्हणजे तिथल्या नक्षीदार गोधडीत, धावदोरा इतका जवळजवळ घालतात की मोकळी जमीनसुद्धा पाण्यावरच्या लाटेसारखी थरथरते. तिथे टाका नक्षीपुरता उरत नाही, तोच पार्श्वभूमी होतो.

प्रयोगांपैकी दोनच सांगते. पहिला उष्णतेचा. सुती कापडावर पॉलिएस्टरची तलम ऑर्गन्झा ठेवून सुती दोऱ्याने दाट जाळी शिवावी आणि गरम हवेचे यंत्र दुरून फिरवावे. ऑर्गन्झा आकसते, वितळते, टाक्यांपर्यंत मागे हटते, आणि सुती दोरा तसाच उभा राहतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि नाकावर योग्य मुखपट्टी असावी, कारण तो धूर चांगला नसतो. दोरा पॉलिएस्टरचा घेतलात तर तोही वितळेल आणि हाती काहीच उरणार नाही.

दुसरा प्रयोग गंजाचा. गंजलेले खिळे, बिजागऱ्या व्हिनेगरने भिजवलेल्या कापडात गुंडाळून ठेवल्या की एक-दोन दिवसांत तांबूस ठसे उमटतात. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवले असेल तर ते काळपट होतात. कलमकारीतला, म्हणजे कलमाने कापडावर काढलेल्या चित्रांतला, काळा रंगही याच रसायनाचा: गूळ आणि गंजलेले लोखंड आंबवून केलेले पाणी हिरडा लावलेल्या कापडाला लागले की काळे होते. पण लोखंड कापसाला हळूहळू खात जाते. जुन्या छापील कापडांत काळ्या रेघांच्या जागीच कापड विरून फाटलेले असते, लाल भाग मात्र शाबूत. म्हणून ठसा हवा तेवढा उमटला की कापड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून भरपूर धुवावे, आणि जिथे गोधडीचा भार पेलायचा आहे त्या वरच्या कडेला गंजाचे कापड वापरूच नये.

समोरच्या टेबलावर पाच तुकडे ठेवले आहेत, त्यांत ते आभाळही आहे. त्यांना हात लावायला हरकत नाही. मात्र प्रत्येक तुकडा उलटूनही पाहा. टाका आधी पडला की रंग, हे पुढून ओळखता आले नाही तरी अस्तराच्या बाजूने ओळखता येते: आधी रंगवून शिवलेल्या तुकड्याच्या अस्तरावर फक्त दोरा असतो, तर शिवून झाल्यावर ओला रंग दिलेल्या तुकड्यात सुईच्या भोकांतून रंगाचे बारीक ठिपके पलीकडे उतरलेले दिसतात.