तापात काढा किती दाट?

पावसाळा लागला की आपल्या गोव्यात घराघरांत कणकण, अंगदुखी, खोकला सुरू होतो आणि पहिल्याच संध्याकाळी काढा उकळायला ठेवला जातो. चूक होते ती काढा कधी आणि किती दाट द्यावा, यात.

इन्फ्लुएन्झात, म्हणजे फ्लूत, आपल्याच संरक्षक पेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन हे ताप चढवणारं द्रव्य वाढतं आणि शरीर आपलं तापमान वर नेऊ लागतं. म्हणून आधी हुडहुडी भरते. पॅरासिटामॉल नेमकं तेच प्रोस्टाग्लँडिन अडवतं. वनस्पतींचं काम इतकं सरळ नाही. किराईतातलं अँड्रोग्राफोलाइड हे कडू द्रव्य प्रयोगशाळेत दाह कमी करतं. सर्दी-खोकल्याच्या रुग्णांतही काही चाचण्यांत आराम दिसला, पण त्या सगळ्या सारख्या दर्जाच्या नाहीत. एच१एन१च्या (स्वाइन फ्लूच्या) ४१० रुग्णांवरची चीनमधली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध न दिलेल्या गटाचा ताप साधारण २६ तासांत उतरला, ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध दिलेल्यांचा २० तासांत, तिथल्या बारा द्रव्यांच्या काढ्यानं १६ तासांत. मात्र तुलनेला औषधासारखंच दिसणारं पण औषधी गुण नसलेलं द्रव्य (प्लासिबो) दिलेला गट नव्हता, आणि तो काढा आपला नव्हे. त्यावरून आपल्या तुळशी-मिऱ्याला प्रमाणपत्र देता येत नाही.

आता चरकसंहिता काय सांगते पाहा. नव्या तापात औषधी काढा सहा दिवस उलटल्यावर, हलकं अन्न सुरू करून. तोवर पेज आणि षडंगपानीय, म्हणजे सहा द्रव्यं घालून उकळलेलं पातळ पाणी. नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, रक्तचंदन, सुगंधी वाळा, सुंठ ही सहा द्रव्यं समभाग घेऊन जाडसर कुटा. त्यातली १० ग्रॅम भरड आणि चौसष्टपट, म्हणजे ६४० मिली पाणी. सरळ कडांच्या टोपात आधी ३२० मिली ओता, लाकडी काडी उभी बुडवून ओल चढली तिथं खूण करा, मग उरलेलं पाणी आणि भरड घाला. मंद आचेवर, झाकण न ठेवता, पाणी त्या खुणेपर्यंत आटलं की गाळा. हे तहान लागेल तसं घोटघोट प्यायचं पाणी आहे. नेहमीचा काढा सोळापट पाण्यात टाकून आठव्या हिश्शापर्यंत आटवतात. दोन्हींच्या दाटपणातला फरक उघड आहे.

घरी नेमकं उलटं होतं. मूठभर मिरी, आलं, लवंगा अर्धा तास उकळून काळंकुट्ट पाणी पाजतात. पोटात जळजळ, मग उलटी, आणि अंगात पाणीच राहत नाही. तुळस नि गवती चहा तर उकळूच नयेत, त्यांचं सुगंधी तेल वाफेबरोबर जातं. आच बंद करून पानं टाका, दहा मिनिटं झाकून ठेवा. जुलैच्या दमटपणात नागरमोथ्याला बुरशी धरते. पांढुरका थर किंवा कुबट वास आला तर टाकून द्या. केलेलं पाणी त्याच दिवशी संपवा.

किराईत फार कडू. सुका पाला एका वेळी ३ ग्रॅमहून जास्त नको. गरोदर बाईला मुळीच नको, आणि रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ज्येष्ठमधानं रक्तदाब चढतो. गुळवेलीबद्दल विशेष सावध राहा: तिचा काढा घेतलेल्या रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. तिच्यासारखीच दिसणारी, खोडावर ठळक गाठी असलेली वेल वेगळी. ओळख पक्की नसेल तर कुंपणावरून तोडू नका.

जेवण उकड्या तांदळाची पातळ पेज, चिमूटभर मीठ घालून. ताप १०२च्या वर गेला आणि माणूस हैराण झाला तर पॅरासिटामॉल द्या. मुलांना ॲस्पिरिन कधीच नाही. वृद्ध, गरोदर, दमेकरी यांना ओसेल्टामिविरचा खरा उपयोग पहिल्या ४८ तासांत होतो, तेव्हा काढ्याच्या भरवशावर ते दिवस घालवू नका. आणि शेतात किंवा साचलेल्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. अंगावर ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त आलं तर डेंग्यूचा संशय घ्या. अशा वेळी रक्त तपासायला त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.