लुत्रो : जिथे गाडीरस्ता पोचत नाही

[बोटीवरून दिसणारा कोरडा, पिवळट कडा. इंजिनाचा आवाज.]

ग्रीसच्या क्रेट बेटाचा दक्षिण किनारा. स्फाकियाचा धक्का सोडून वीसेक मिनिटं झाली, की उजव्या हाताचा कडा जरा मागे हटतो आणि त्याच्या कुशीत पांढरी घरं दिसू लागतात. निळ्या खिडक्या, पायाशी गोटे आणि लगेच पाणी. हे लुत्रो. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ न्हाणी. इथे गाडीरस्ता नाही. यायचं ते बोटीने, नाहीतर पायी. गावातल्या शांततेचं कारण एवढंच, आणि इथे प्रवाशांची जी फजिती होते तिचंही.

[हान्याचं बसस्थानक. मग खिडकीतून घाट.]

अथेन्सहून क्रेटच्या उत्तर किनाऱ्यावरच्या हान्या शहराला विमानाने 1 तासाच्या आत पोचता येतं. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघणारी रात्रीची बोट हान्याजवळच्या सूदा बंदरात सकाळी सोडते. हान्या हे नाव इंग्रजीत ‘सी-एच’ने लिहितात, पण उच्चार ‘ह’चाच. तिथून स्फाकियाची बस. अंतर 70 किलोमीटरच्या आसपास, तरी जवळपास 2 तास जातात, कारण शेवटचा उतार म्हणजे नुसती वळणं. गाडी लागत असेल तर पुढची जागा धरा. पैसे स्फाकियातच काढून ठेवा. लुत्रोत कार्डाच्या भरवशावर उतरू नये. चाकांची मोठी बॅग हान्यात ठेवून पाठीवरची सॅक आणा. का, ते पुढे कळेल.

[बोटीचा उतरता फळा गोट्यांवर टेकतो. माणसं घाईने खाली येतात.]

दुपारी गाव शांत नसतं, हे आधीच सांगितलेलं बरं. दिवसभरासाठी आलेले लोक, त्यात समारियाची 16 किलोमीटरची घळ उतरून किनाऱ्यावरच्या अय्या रुमेली गावाहून बोटीत बसलेले. संध्याकाळची शेवटची बोट गेली की किनारा रिकामा होतो. म्हणून इथे तासाभरासाठी येण्यात अर्थ नाही, किमान 2 रात्री हव्यात. मे, जून किंवा सप्टेंबरचा शेवट उत्तम. हिवाळ्यात बोटी कमी होतात आणि बहुतेक खोल्या, खानावळी बंद असतात.

[वारा. पाण्यावर धावणारे पांढरे फटकारे.]

आता वाऱ्याबद्दल. गावामागे लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर. सर्वोच्च शिखर 2,453 मीटर. उन्हाळ्यातला उत्तरेचा वारा या डोंगरांवरून खाली कोसळतो आणि समुद्रावर अचानक झोत मारतो. किनाऱ्याजवळ पाणी सपाट दिसतं, म्हणून भाड्याची कयाक घेतलेला माणूस निर्धास्त होतो. दोनशे मीटर बाहेर गेला की तोच वारा त्याला दक्षिणेकडे ढकलू लागतो, आणि दक्षिणेला गाव्दोस हे छोटं बेट सोडलं तर थेट लिबियाच. कयाक काठाला धरूनच चालवायची.

दक्षिणेचा वारा वेगळा त्रास देतो. लाटा सरळ किनाऱ्यावर येतात, बोटीला फळा टेकवता येत नाही आणि फेरी रद्द होते.

[पश्चिमेचं भूशिर. पडक्या भिंती, पलीकडे फिनिकासचा उपसागर.]

या भूशिरावर प्राचीन फिनिक्स बंदर होतं. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात 27व्या अध्यायात त्याचा उल्लेख आहे. संत पौल कैदी म्हणून रोमला चालले होते, अलेक्झांड्रियाच्या गलबतावर 276 माणसं होती, आणि खलाशांना हिवाळा काढायला हेच बंदर गाठायचं होतं. बेटावरून ईशान्येचं वादळ उतरलं, गलबत गाव्दोसजवळून वाहत गेलं आणि शेवटी माल्टाला फुटलं. फिनिक्स काही त्यांना गाठता आलं नाही. तुमचं परतीचं विमान असेल त्याच्या आदली रात्र लुत्रोत नको, हान्यात काढा.

[पायवाट. बुटांचा आवाज, खाली निळं पाणी.]

बोट रद्द झालीच, तर दोन वाटा. एक वर अनोपोलीला : सुमारे 600 मीटरची उभी नागमोडी चढण, वर गाडीरस्ता. दुसरी पूर्वेला स्फाकियाकडे, ई-4 या लांब पल्ल्याच्या पायवाटेवरून, साधारण अडीच तास. मध्ये ग्लिका नेरा, म्हणजे गोड पाणी. तिथे गोट्यांखालून झरे येतात. पाण्यापासून चार पावलं मागे गोटे बाजूला करून खड्डा केला की थंड, पिण्याजोगं पाणी साठतं. तिथून स्फाकियाच्या बाजूला वाट कड्यावर अरुंद होते आणि पावसानंतर वरून दगड सुटतात. वादळाच्या दिवशी ती वाट धरू नये. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी तर एरवीही नाही. एरवी माणशी 2 लिटर पाणी, टोपी आणि पकड असलेले बूट. सावली जवळजवळ नाही, तेव्हा सकाळी लवकर निघा. चाकांची बॅग या वाटेवर ओढून पाहावी, म्हणजे सॅक का आणायची ते समजेल.

[तव्यावर पातळ पोळी उलटली जाते.]

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही. ग्रीक उपासांमुळे तेलात शिजवलेल्या भाज्या, मोठे पांढरे वाल, डाळीचं घट्ट वरण असे पदार्थ मिळतात. पण खास पदार्थ म्हणजे स्फाकियाची पिटा. मैद्यात ऑलिव्ह तेल आणि थोडी राकी (इथली दारू) घालून कणीक मळतात, पुरणासारखा मिझिथ्रा चीजचा गोळा आत भरतात, पातळ लाटतात आणि तव्यावर भाजतात. वरून मध. पुरणपोळी लाटणाऱ्या हाताला ही कृती सांगावी लागणार नाही. गरमच खायची, गार झाली की चिवट होते.

खोलीत एक पाटी दिसेल : कागद संडासात टाकू नका. ती गंमत नाही, सांडपाण्याचे नळ अरुंद आहेत. शेजारच्या डब्यात टाका.

[संध्याकाळ. रिकामा किनारा.]

पोहायला जाताना रबरी चपला घाला, गोटे निसरडे आहेत. आणि झोपण्यापूर्वी एक काम : उद्याची बोट किती वाजता, हे तिकिटं विकणाऱ्याला विचारून घ्या. वाऱ्याचंही विचारा.